पारडी बदलून बघ

लंडनमधल्या हॅरोच्या ज्या घरात मी साडेतीन वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो, तिथं डायनिंग टेबलाच्या मधोमध फुलदाणीऐवजी एक पितळी तराजू असायचा. दोन पारडी, वर दांडी, खाली लाकडी बैठक. पहिल्या दिवशी मी कौतुकानं म्हणालो, “काका, अँटिक दिसतंय. शोपीस म्हणून छान आहे.”

मी जणू त्यांच्या आईलाच शोपीस म्हटलं असावं, तसं घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. “अँटिक मी आहे,” ते म्हणाले. “तो चालू आहे.”

काका तरुणपणी सांगलीहून इकडे आले आणि सगळी नोकरी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, वजनमापं तपासण्यात घातली. खाटकाचा काटा, पेट्रोलचा पंप, पबमधला बिअरचा ग्लास. इंग्लंडला येऊन बाकीचे लोक साहेब झाले, काका साहेबाच्या ग्लासात फेस किती आणि बिअर किती ते बघणारे झाले. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी हॅरोतला भाजीवाला त्यांना दुरून पाहिलं की काट्याजवळचा हात आपोआप काढून घ्यायचा.

आमच्या भागातलं कुठलंही मराठी कुटुंब भारतात निघालं की आदल्या दिवशी बॅगा घेऊन काकांच्या गॅरेजमध्ये हजर. तिथं एक मोठा प्लॅटफॉर्म काटा होता. एअरलाइनच्या काउंटरवरची बाई खोटी ठरू शकते, काकांचा काटा नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. पण बॅग लगेच ठेवायची नाही. काका आधी कपाटातून कुलूपबंद पेटी काढणार, त्यातली प्रमाणित वजनं एकेक करून काट्यावर ठेवणार, काटा खरं बोलतोय याची खात्री करणार. पाहुणे घड्याळ बघत उभे.

“काका, कालच तर तपासलात,” मी एकदा म्हणालो.

“काल तो खरं बोलला. आजचं काय?”

त्यांच्याकडून मी एक शब्द शिकलो, जो मी तोवर फक्त ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असल्या वाक्यांतच ऐकला होता. तराजू रिकामा असतानाही कधीकधी एक पारडं किंचित खाली झुकतं. तो झोक म्हणजे पासंग. बघणाऱ्याला दिसत नाही, दुकानदाराला सवयीनं दिसेनासा होतो. तो पकडायची युक्ती सोपी. एकदा वजन करा, मग माल आणि वजन यांची पारडी बदला. काटा सरळ असेल तर उत्तर तेच येतं. नसेल तर चोरी उघडी.

“आणि लक्षात ठेव,” काका म्हणायचे, “नव्वद टक्के वेळा दुकानदार चोर नसतो. त्याला माहीतच नसतं बिचाऱ्याला.”

ही विद्या काकांनी भाजीबाजारापुरती ठेवली असती तर मी आज सुखानं जगत असतो. पण मी राहत असताना अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. आम्हाला कुणालाच तिथं मतदान करायचं नव्हतं. पण ज्या निवडणुकीत मतदान करता येत नाही तिथं माणूस सर्वांत त्वेषानं बोलतो. माझा एक उमेदवार होता आणि दुसरा उमेदवार म्हणजे जगावरचं संकट होतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्या फोनलाही नव्हती. तो मला दिवसभर तेच तेच सांगायचा आणि मी त्याला जाणकार समजायचो.

काकांकडे रोज दोन पेपर यायचे. एक त्यांना आवडणारा आणि एक रक्तदाब वाढवणारा. आधी वाचायचा तो रक्तदाबवाला, तोही उपाशीपोटी. आवडता पेपर नाश्त्यानंतर. “पोट भरल्यावर माणूस कशालाही मान डोलावतो,” ते म्हणायचे. “मग मान डोलवायचं काम तरी आवडत्या पेपरावर करू नये.” म्हणजे नेमकं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. पण पुढची गोष्ट कळली. दोन्ही पेपरांचे मथळे ते पिवळ्या चिकटपट्ट्या लावून झाकायचे. मजकूर वाचून स्वतःचा मथळा पट्टीवर लिहायचे, मग पट्टी सोलून पेपरवाल्यांचा मथळा बघायचे. दोन्ही जुळले तर “राइट देन” म्हणून चहाचा घोट. नाही जुळले तर चहा गार होईस्तोवर विचार.

उमेदवारांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा झाली की दुसऱ्या दिवशी त्याचं रेकॉर्डिंग आम्ही बघायचो. म्हणजे मी बघायचो. काका टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. शाळेत शिक्षा केल्यासारखे.

“काका, अहो चेहरे तर बघा! कसा घाम फुटलाय बघा!”

“घामाला उत्तर देता येत नाही. काय म्हणाला ते ऐकू दे.”

त्या घरात एक सक्त नियम होता. उमेदवाराला नावं ठेवलीस की त्याच दमात त्याच्याबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगायची. मी एकदा माझ्या नावडत्या उमेदवाराचा मनसोक्त उद्धार केला आणि मग अडकलो. बराच वेळ छताकडे बघून म्हणालो, “सभेला वेळेवर येतात.”

“ते ड्रायव्हरचं कौतुक झालं. पुढे.”

“कपडे बरे असतात.”

“शिंप्याचं. पुढे.”

त्या दिवशी वरणभात निवला, तेव्हा कुठं मला एक गोष्ट सापडली. ती काय होती ते आता आठवत नाही. पण ती शोधताना मी त्या उमेदवाराचं एक अख्खं भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं, हे आठवतं.

सर्वांत जीवघेणा प्रकार नाश्त्याच्या वेळचा. काका पेपरातली बातमी मोठ्यानं वाचायचे. एका सकाळी त्यांनी वाचलं, की माझ्या नावडत्या उमेदवारानं सभेत एका पत्रकाराचा प्रश्न झिडकारला आणि उत्तर न देता निघून गेला.

“बघा!” मी टोस्ट हवेत नाचवला. “लाज नाही यांना. प्रश्नाला घाबरणारा माणूस देश काय चालवणार?”

काकांनी चष्मा खाली केला. “सॉरी हं. नावांची अदलाबदल झाली. हे तुझ्या माणसानं केलंय.”

“हो का?” मी टोस्ट खाली ठेवला. “पण काका, प्रश्न कसा होता तेही बघायला हवं ना. काही पत्रकार मुद्दाम डिवचतात. पूर्ण संदर्भ कळल्याशिवाय...”

“संदर्भ आत्ता आठवला होय?” काका शांतपणे बटर लावत म्हणाले. “पारडी बदलल्यावर?”

मी बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. असला माणूस स्वतःच्या चुका शोधण्याचं जादा काम फुकट कशाला करेल? काकांच्या या खेळांची मी मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात सहकाऱ्यांना नक्कल करून दाखवायचो. भिंतीकडे तोंड करून बसण्याची तर फारच छान जमायची. डबा हसायचा. मीही हसायचो. ते हसू कधी आणि कसं घशात अडकलं, ते सांगायलाच हवं.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाचीही निवडणूक होती. अमेरिकेचं मतदान मंगळवारी, मंडळाचं त्याच्या आधीच्या रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये. मी मंडळाच्या बातमीपत्राचा संपादक होतो. ही योग्यता माझ्यात कशी आली? सभेत संपादकाचा विषय निघाला तेव्हा मी टॉयलेटला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या वाजत होत्या.

दोन उमेदवार उभे होते. एक मंदार, माझा पुण्याचा कॉलेजमित्र. मला लंडनमध्ये नोकरी सुचवणारा तोच, काकांकडची खोली मिळवून देणाराही तोच. दुसरी अनघा. इथंच जन्मलेली, फार्मसिस्ट, दोन मुलांची आई. तिचे वडील अण्णा मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. इथं जन्मलेलं कुणी अध्यक्षपदाला पहिल्यांदाच उभं राहत होतं, त्यामुळे मंडळात कुजबुज भरपूर होती.

मी जाहीर केलं, की बातमीपत्रात दोघांच्या मुलाखती छापणार. समान जागा, समान शब्दसंख्या. मी शब्द मोजलेसुद्धा. माझ्या निःपक्षपातीपणानं माझेच डोळे पाणावले.

मंदारची मुलाखत शनिवारी दुपारी त्याच्या घरी झाली. त्याच्या बायकोनं, स्वातीनं, मिसळ केली होती. अडीच तास गप्पा झाल्या. मजकूर लिहून मी त्याला वाचायला दिला, त्यानं दोन वाक्यं सुधारली. पुस्तकांच्या कपाटापाशी फोटो काढला.

अनघाला शनिवार जमत नव्हता, फार्मसीत शिफ्ट होती. मग आम्ही हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर भेटलो, ती कामावरून मुलीला आणायला निघाली असताना. नऊ मिनिटं. बोर्डावर ट्रेन आल्याचं दिसलं तेव्हा तिनं मान वळवली आणि मी फोटो घेतला. मजकूर तिला दाखवायचा राहून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी बातमीपत्र सगळ्या सभासदांना ईमेलनं गेलं. शनिवारी सकाळी माझा फोन कौतुकानं भरला होता. मंदारनं तर नमस्काराची सहा चित्रं पाठवली होती. मी खाली आलो तर टेबलावर तराजूशेजारी बातमीपत्राची छापील प्रत. काका आदल्या संध्याकाळीच लायब्ररीतून छापून घेऊन आले होते.

“एडिटरसाहेब, बसा,” ते म्हणाले. “लेख उत्तम जमलाय. मला फार आवडला.”

मी खुललो. मग ते पुढे म्हणाले, “इतका आवडला की मला झोप लागली नाही. वाचून मी एवढा खूश का झालो, काही कळेना.”

यामागची कथा मला तेव्हा मंदारकडून ऐकून माहीत होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात अण्णांचा चिवड्याचा स्टॉल होता. पाकिटावर ‘अर्धा किलो’ लिहिलेलं. काकांनी एक विकत घेतलं, घरी नेऊन तोललं, चाळीस ग्रॅम कमी भरलं. दुसऱ्या दिवशी काकांनी स्टॉलवरची सगळी पाकिटं तोलली आणि विक्री थांबवली. अण्णा भर हॉलमध्ये ओरडले होते, “चार मुठी चिवड्यासाठी आपल्याच माणसांवर धाड घालतोस? गोऱ्यांचा हेर!” तेव्हापासून त्या घराचा आणि या घराचा शब्द बंद. अण्णा दरवर्षी भारतात जायचे, दरवर्षी एअरपोर्टवर बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या काढत बसायचे, पण काकांच्या काट्यावर बॅग ठेवायचे नाहीत.

“तुला सांगतो,” काका म्हणाले, “अण्णांची लेक तुझ्या लेखात खाली गेलेली बघून मला बरं वाटलं. बरं वाटलं तिथंच शंका आली. ऐक आता.”

त्यांनी प्रत उचलली. प्रत्येक ‘मंदार’वर ‘अनघा’ची चिठ्ठी आणि प्रत्येक ‘अनघा’वर ‘मंदार’ची चिठ्ठी डकवलेली होती. काका वाचू लागले.

“‘नोकरी, संसार, दोन मुलं. हे सगळं सांभाळून अध्यक्षपद कसं जमणार, या प्रश्नावर मंदार क्षणभर गडबडला.’”

मला फस्सकन हसू आलं. मंदारलाही दोन मुलंच आहेत. त्याला असं कोण विचारेल?

“का हसलास?” काकांनी विचारलं.

माझं हसू थांबलं.

“‘मंडळाच्या भविष्याविषयी तुमचं स्वप्न काय, असं विचारताच अनघा शांतपणे विचार करून बोलू लागली.’ कानाला कसं लागतं? चांगलं लागतं ना? आणि हे बघ. ‘आपली संस्कृती तुम्हाला कितपत जवळची वाटते, असं विचारल्यावर मंदार घाईघाईत म्हणाला.’ घाईघाईत का रे? काय घाई होती?”

“ट्रेन आली होती,” मी म्हणालो.

“ते लिहिलंस?”

मी तराजूकडे बघत बसलो. काका पुढे वाचत गेले. माझ्या मूळ लेखात एक ठाम होता, दुसरी हट्टी. एकाजवळ अनुभव होता, दुसरीजवळ उत्साह. नावं उलटी लावल्यावर तोच लेख मला एखाद्या खट्याळ माणसानं माझ्या मित्राची टर उडवायला लिहिल्यासारखा वाटत होता.

“पण काका, यात एकही शब्द खोटा नाही!”

“नाहीच. वजनं सगळी खरी आहेत,” काका म्हणाले. “काट्यात पासंग आहे. आणि तो काटा तू आहेस.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनघाचा ईमेल होता, मंडळाच्या कमिटीला लिहिलेला, मला प्रत पाठवलेली. ती उमेदवारी मागे घेत होती. ‘घरी सगळ्यांनी लेख वाचला. माझ्या मुलीनं विचारलं, मम, तुला आपलं कल्चर आवडत नाही का. मला हे पुढे नाही करायचं.’ माझ्याविरुद्ध एक शब्दही नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मी दुपारपर्यंत एक दिलगिरी लिहिली. ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा आला होता. काकांनी ती वाचून माझ्याकडे सरकवली. “तोळाभर दिलगिरीनं किलोभर तूट भरून निघत नाही. परत मोज.”

“म्हणजे?”

“पारडी बदल. मंदारला प्लॅटफॉर्मवर ने, नऊ मिनिटं, तिचेच प्रश्न. आणि तिला बसव अडीच तास, खायला-प्यायला घाल, त्याचे प्रश्न विचार. दोन्ही वेळा जागा आणि वेळ छाप.”

“मंदार माझा जीव घेईल.”

“घेईलच,” काका म्हणाले. “घड्याळ लावून जा. नऊ मिनिटांत घेऊ दे.”

आधी मी अनघाला फोन केला. माफी मागताना माझी फार फजिती झाली. ऑफिसात मी ‘बग सापडला’ एवढंच म्हणतो, ‘बग मीच’ असं म्हणायची सवय नव्हती. मग मी तिला अडीच तासांची नवी मुलाखत मागितली. ती म्हणाली, “पण कुठे भेटायचं? आमच्या घरी बाबा आहेत, ते तुम्हाला चहा नाही देणार.”

“काकांच्या घरी,” मी म्हणालो.

“द काका? चिवडावाले?”

रविवारी दुपारी ती आली. दारातच थांबून म्हणाली, “मी आत येऊ ना? बाबांना सांगितलंय जिमला चाललेय.” काकांनी तिला आत घेतलं, चहा टाकला, पोह्यांची बशी ठेवली आणि स्वतःचा जाड ओव्हरकोट चढवून मागच्या बागेत जाऊन बसले.

“काका, बाहेर फ्रीझिंग आहे! तुम्ही बसा ना इथे,” ती म्हणाली.

“मी इथं बसलो तर तुम्ही मला बघून बोलाल,” काका म्हणाले. “माझ्या काट्यात पंचवीस वर्षांचा पासंग आहे, पोरी. तो बाहेर ठेवलेला बरा.”

अडीच तास ते त्या थंडीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीची मी ट्रेनमध्ये नक्कल करून दाखवायचो. त्या दिवसानंतर मला ती कधी करवली नाही.

आणि अनघा काय काय बोलली! मंडळातली मुलं बारा वर्षांची झाली की यायची बंद होतात, कारण त्यांना नाच बसवतात, निर्णय घेऊ देत नाहीत. तिला एका वर्षीचा गणपती पूर्णपणे मुलांच्या हाती द्यायचा होता. मूर्तीपासून प्रसादापर्यंत. “घोळ होईल,” ती म्हणाली. “होऊ दे ना. आमच्या वेळी आम्हाला कोणी घोळ करूच दिला नाही. सो आम्ही पाहुणेच राहिलो.” हे मी प्लॅटफॉर्मवर विचारलंच नव्हतं. मी तिला मुलं कोण सांभाळणार एवढंच विचारलं होतं.

जाताना ती बागेत गेली. “काका, झालं. या आत.” काका उठू लागले तर गुडघे आखडलेले. तिनं हात दिला.

सोमवारी मंदार प्लॅटफॉर्मवर. मी घड्याळ लावलं आणि विचारलं, “नोकरी, संसार, दोन मुलं. अध्यक्षपद कसं जमणार?”

“हा काय प्रश्न आहे?”

“आठ मिनिटं उरली.”

“अरे, स्वाती बघते ना मुलांचं!” मग स्वतःच दचकून, “म्हणजे, मीही बघतो. वीकेंडला. कधीकधी.”

“आपली संस्कृती तुम्हाला कितपत जवळची वाटते?”

“तू मला विचारतोयस? लेका, त्या शनिवारी मिसळ कोणाकडे खाल्लीस?” ट्रेन आली. त्यानं मान वळवली. मी फोटो काढला. डब्यात चढताना तो ओरडला, “मित्र आहेस का वैरी? मिसळ परत कर!”

बुधवारी दुसरा अंक निघाला. सुरुवातीला माझी कबुली, कुणाला कुठं, किती वेळ, कोणते प्रश्न, सगळं. अनघानं उमेदवारी कायम ठेवत असल्याचं कळवलं. मंदारनं माझ्याशी बोलणं सोडलं. स्वातीनं मात्र ‘स्वाती बघते ना’ हे वाक्य कापून फ्रिजवर लावलं, असं मला नंतर कळलं. दर शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडायला मंदार येऊ लागला, तेही तेव्हापासूनच.

रविवारी मतदान झालं. हॉल कधी नव्हे इतका भरला होता. मंदार थोडक्या मतांनी जिंकला. अनघा माझ्याकडे आली तेव्हा मी नजर चुकवायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, “इट्स ओके. हरले ना, पण माझ्याच शब्दांवर हरले. तुमच्या नाही.” मग मंदारला शोधत गेली. दोघं कोपऱ्यात बराच वेळ बोलत होते. पुढच्या वर्षीचा गणपती मुलांनी केला. घोळ झाला. प्रसाद दोनदा वाटला गेला आणि आरती मधेच विसरली गेली. पण चर्चच्या हॉलमध्ये बारा वर्षांवरची एवढी मुलं मी कधी पाहिली नव्हती.

काकांनी मत कोणाला दिलं? मी घरी येताना विचारलं.

“तराजूला विचारतोस का, तुला गूळ आवडतो की मीठ?” ते म्हणाले, आणि हा विषय कायमचा बंद झाला.

मंगळवारी अमेरिकेनं मतदान केलं. बुधवारी सकाळी नाश्त्याला काकांनी निवडून आलेल्या उमेदवाराबद्दल एक आणि हरलेल्याबद्दल एक अशा दोन खऱ्या चांगल्या गोष्टी सांगायला लावल्या. मी दोन्ही सांगितल्या, टोस्ट निवायच्या आत. माझा उमेदवार जिंकला की हरला ते इथं सांगत नाही. उगाच तुमची पारडी कशाला हलवू?

मंदार तीन महिन्यांनी बोलायला लागला. मी ऑफिसात आता बग दाखवण्याआधी तो माझ्याच टेस्टमध्ये तर नाही ना, हे बघतो. सहकारी म्हणतात, हळू झालास. झालो असेन. मत मांडायला मला हल्ली पाच मिनिटं जास्त लागतात. त्या पाच मिनिटांसाठी मी काकांचा जन्मभर ऋणी आहे. काय काय बोलून बसलो असतो त्या पाच मिनिटांत!

त्या वसंतात काका घर विकून ग्लासगोला लेकीकडे राहायला निघाले. सामान बांधून झालं होतं, टेबलावर फक्त तराजू राहिला होता. तेव्हा दारात बेल वाजली. अनघा होती, आणि तिच्यामागे काठी टेकत, भली मोठी बॅग ओढत अण्णा.

“पुतणीचं लग्न आहे पुण्याला,” अण्णा काकांकडे न बघता भिंतीला म्हणाले. “उद्या निघतोय. बॅग तोलायची होती.”

काका गॅरेजमध्ये गेले, बांधलेल्या खोक्यातून कुलूपबंद पेटी शोधून काढली आणि एकेक वजन काट्यावर ठेवून तपासू लागले. अण्णा उभे. अनघा माझ्याकडे बघत, मी तिच्याकडे. बॅग ठेवली. साडेतेवीस किलो, एअरलाइनची मर्यादा तेवीसची.

“अर्धा किलो जास्त,” काका म्हणाले.

अण्णांनी वाकून चेन उघडली. अगदी वरच ठेवलेलं एक पाकीट काढलं. घरी केलेला चिवडा. हॅरोहून पुण्याला चिवडा कोण नेतं, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. पहिल्यांदाच मी पाच मिनिटं थांबलो.

बॅग तेवीसवर आली. पाकीट अण्णांच्या हातात राहिलं. काकांनी ते घेतलं, आत आले आणि टेबलावरच्या पितळी तराजूत एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्यात अर्ध्या किलोचं वजन. चिवड्याचं पारडं किंचित खाली गेलं. मग काकांनी पारडी बदलली. तरीही चिवड्याचंच खाली गेलं.

“जास्त आहे,” काका म्हणाले.

“वरची मूठ मी टाकलीय,” अण्णा म्हणाले. “चहा ठेवतोस का?”